बाबांच्या नावाचा जंत

आषाढ सरत आला की आमच्या न्हाणीघरात बेडूक येतो. पाण्यातला हिरवा, गुळगुळीत अंगाचा नव्हे, हा भेक. अंगभर फोड उठल्यासारखी कातडी, डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी, आणि बसणं असं की घर त्याच्याच बापाचं. मोरीच्या जाळीतून कसा शिरतो कोण जाणे. सकाळी दार उघडलं की बादलीशेजारी बसलेला असतो आणि गळ्याखालची कातडी लपलप हलत असते. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. चाळीस पोरापोरींसमोर बेडकाचं हृदय चिमट्यात धरून दाखवते. पण न्हाणीघरातला हा पाहुणा दिसला की टॉवेल खांद्यावर टाकून तशीच मागे फिरते आणि आईला हाक मारते. आई सूप आणि केरसुणी घेऊन येते, त्याला सुपात लोटते आणि "चाल गा, बाहेर हो," म्हणत अंगणात सोडून येते. आमच्या घरात एवढ्या अदबीनं दुसऱ्या कोणाशी ती बोलत नाही.

आईला त्याची किळस येत नाही, कारण तिने त्याला बाहेरूनच पाहिलेला आहे. मी शंभराच्या वर भेक आतून पाहिले आहेत. एका पावसाळ्यात.

त्या पावसाळ्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं आणि माझा खास विषय होता कृमिशास्त्र. हा विषय मी आवडीने निवडला असं आजवर प्रत्येक मुलाखतीत सांगत आले. खरं म्हणजे बाकीच्या जागा भरल्या होत्या. जंतांकडे कोण स्वखुशीने जातं? आमच्या सरांकडे दरवर्षी जागा रिकाम्या राहत आणि त्यांना त्याचं वाईटही वाटत नसे. "चार लोक मासे मोजतील, चार लोक फुलपाखरं," ते म्हणत, "पण प्राण्याच्या पोटात काय राहतं ते बघायला छाती लागते." त्यांना छाती म्हणायचं होतं. मला वाटायचं, त्याला नाक नसावं लागतं.

काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. नागपुरातल्या बेडकांच्या आणि भेकांच्या अंगात कोणकोणते गोलकृमी राहतात ते ओळखायचं. त्यासाठी पावसाळाच हवा, कारण उरलेलं वर्ष हे लोक जमिनीखाली दडी मारून असतात. म्हणजे चार महिने रोज सकाळी इंदोऱ्यातल्या घरून सायकल मारत, सदरमधून, चिखल उडवत, पार पलीकडे विभागात पोचायचं आणि दहा वाजता मेणाच्या ट्रेमध्ये पहिला भेक उताणा टाचायचा. क्लोरोफॉर्मने तो मेलेला असे. मग कात्रीने पोटाची मधली रेघ. ती कात्री कातडीतून जातानाचा आवाज ओल्या कापडासारखा येतो. तो आवाज मला अजून चालत नाही. शिवणकामाच्या दुकानापुढून जातानाही मी पाय उचलते.

सगळ्यात आधी फुप्फुस. भेकाचं फुप्फुस म्हणजे एक पातळ, ओली पिशवी. सुईने फाडली की आतून बोटाच्या पेराएवढे जंत बाहेर पडत, कधी चार, कधी अकरा. त्यांचं अंग पारदर्शक आणि त्यातून एक काळी रेघ दिसे. ती काळी रेघ म्हणजे त्यांनी प्यालेलं रक्त. यजमान मेलेला, थंड पडलेला, आणि हे मात्र मिठाच्या पाण्यात वळवळत असत. मोठ्या बेडकाच्या पोटाच्या कातडीखाली कधी वीतभर लांबीचा पांढरा दोरा सापडे. चिमट्याने ओढत राहावं, तो येतच राही. आणि हा बेडूक आदल्या दिवशी तलावाकाठी मजेत ओरडत होता, बेडकीणही पटवत होता. आपल्या आत इतकं काही राहून आपल्याला पत्ता नसावा, या विचाराने मला रोज अकरा वाजता मळमळायचं. अकरा ही चहाची वेळ होती.

मग जंत मारायचे. स्पिरिट गरम करून त्यात टाकायचे; थंडात टाकला तर तो वेटोळं करून मरतो आणि मोजमाप घेता येत नाही. गरमात टाकला की क्षणात ताठ होतो. त्या गरम स्पिरिटची वाफ, फॉर्मलिनचा डोळ्यांत जाणारा वास, पावसाने न वाळलेले अ‍ॅप्रन आणि खिडकीबाहेर कुजणारा पाला, हे सगळं मिळून जो वास होई तो केसांत बसे. रिठ्याने जात नसे. शेवयांची खीर मी त्या पावसाळ्यापासून खाल्लेली नाही.

घरी आई दारातच बादली ठेवून बसलेली असे.

"हात नको लावू कुठंच. आधी आंघोळ."

"धुतले गं साबणानं, तीनदा."

"धुतले म्हणून काय झालं? वास येऊन राहिला." मग पाणी ओतता ओतता तिचं सुरू होई. "तुह्या आज्यानं गावात मेलेली ढोरं ओढली. ते काम सोडाले तुह्या बापानं गाव सोडलं, मिलमध्ये कापसात छाती जाळली, धम्म घेतला. अन् तू शिकून-सवरून मेलेली बेडकं फाडून राहिली. काहून वं? याच्यासाठी शिकवलं होतं तुले?"

विज्ञान वगैरे शब्द त्या बादलीपुढे टिकत नसत. बाबा आदल्या हिवाळ्यात गेले होते, नाहीतर त्यांनी मध्ये पडून काहीतरी सांगितलं असतं. ते असते तर मला बहुधा हा विषयही सहन झाला असता. ते गेल्यापासून मी भेक फाडताना आणि आईशी भांडताना दोन्हीकडे एकटीच होते.

प्रयोगशाळेत मात्र एकटी नव्हते. माझ्यासोबत प्रभा होती, धरमपेठेतली. गोरी, नीटनेटकी, रोज कोऱ्या रुमालात डबा आणणारी. स्वभावाने चांगली. पहिल्याच दिवशी तिने भेक पाहून तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "शांता, कापायचं तू कर ना. मी चित्रं काढीन. तुला सवय असेल."

ती सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं असं मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. पण 'सवय असेल' हे शब्द माझ्या कानातून गेले नाहीत. सवय? मला? मी जन्मात कधी बेडकाला हात लावला नव्हता. आमच्या घरात कोंबडीसुद्धा बाजारातून कापून येई. मी कात्री उचलली. राग आला की माझे हात फार स्वच्छ चालतात, हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी तो भेक पाहिला आणि म्हणाले, "वा, हात आहे तुझा." झालं. त्या दिवसापासून कापायचं काम माझं ठरलं आणि सूक्ष्मदर्शकाची खुर्ची प्रभाची झाली.

आणि मला ती खुर्ची हवी होती. कापणं म्हणजे हमाली. ओळखणं खुर्चीवर होई. गोलकृमी नुसत्या डोळ्यांना सगळे सारखेच, पांढरी वळवळ. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यांची घराणी निराळी होतात. अन्ननलिकेच्या शेवटी गोळा आहे की नाही, तोंडाला ओठ किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नराची शेपटी. तिथे दोन बारीक काटे असतात आणि भोवती ठिपके. काटे मोजायचे, ठिपके मोजायचे, मग जाड पुस्तकातल्या वर्णनाशी पडताळायचं. नर नसेल तर ओळख कच्ची. हे शास्त्र मी चोरून शिकले. प्रभा दुपारी डबा खायला बाहेर जाई, तेव्हा तासभर ती खुर्ची मोकळी असे. मला तसाही डबा जात नव्हता.

आता त्या पावसाळ्यातल्या सगळ्यात घाणेरड्या गोष्टीकडे येते. फुप्फुस परवडलं. आतडं परवडलं. पण जठर! भेक हाताला लागेल ते गिळतो, चावत नाही. म्हणून जठर उघडलं की आत आख्खे किडे अर्धवट पचलेले निघत. गोगलगाईचा लगदा, पैशाचे तुकडे म्हणजे त्या हजार पायांच्या किड्याचे, मुंगळ्यांची डोकी, पंख, पाय, आणि त्यावर आंबट चिकट लाळ. नियम असा होता की प्रत्येक भेकाला क्रमांक द्यायचा आणि नोंदवहीत 'जठरातील अन्न' या रकान्यात काय काय होतं ते वेगवेगळं ओळखून लिहायचं. पहिले दोन आठवडे लिहिलं. मग मला ते होईना. मी जठर उघडायची, मान फिरवायची, सगळा लगदा नळाखाली धुऊन टाकायची आणि रकान्यात लिहायची, 'कीटक'. खोटं काहीच नव्हतं. कीटकच होते. सरांनी कधी विचारलं नाही.

भाद्रपदात भेक कमी पडू लागले. जवळच मुलींच्या वसतिगृहाची मेस होती. तिच्या स्वयंपाकघरामागे नाली वाहायची आणि नालीच्या फरशीखाली भेक हमखास मिळत, चांगले गलेलठ्ठ. तिथून मी एका सकाळी पाच आणले. त्यातल्या तिघांत मला तो जंत सापडला.

दोन-अडीच मिलिमीटर लांब, पांढरा, मागे शेपटी सुईसारखी निमुळती. नेहमीच्या जागी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या टोकाला नव्हता. जठर संपून आतडं सुरू होतं तिथेच होता. अन्ननलिकेला गोळा होता, आमच्या ओळखीच्या घराण्यासारखाच. पण शेपटी बेडकांच्या जंतांच्या कुठल्याच वर्णनात बसेना. सगळ्या माद्या. नर एकही नाही. प्रभा डब्याला गेली होती. मी तासभर पुस्तक आणि सूक्ष्मदर्शकाची नळी यांच्यात ये-जा केली, मग आणखी तासभर. ती परत आली तरी मी खुर्चीवरून उठले नाही. सर आत आले तेव्हा मी म्हणाले, "सर, हा वेगळा आहे."

सरांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"कुठे होता म्हणालीस?"

"आतड्याच्या सुरुवातीला."

"म्हणजे जागाही नवी! नर?"

"नाही मिळाला, सर."

"मिळेल, पुढच्या पावसाळ्यात कोणीतरी काढेल. मादीवर वर्णन करू या." त्यांनी प्रभाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आजपासून चित्रं ही काढेल."

अशी मला खुर्ची मिळाली. त्या रात्रीपासून चार दिवस मला किळस आली नाही. खरंच नाही आली. तो जंत मला देखणा वाटला, हे आज लिहिताना अंगावर शहारा येतो.

आमच्या विषयात एक रीत आहे, ती बाहेरच्या माणसाला सांगितली की तो हसतो. नवा जंत सापडला की त्याला माणसाचं नाव देऊन त्या माणसाचा मान करतात. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं, गुरूचं द्यायचं. सरांच्या नावाने आधीच तीन जंत होते: एक पालीच्या पोटातला, एक बगळ्याच्या, एक मांगूर माशाच्या. चौथा त्यांना नको होता. ते म्हणाले, "शांता, तुझे वडील यंदाच गेले ना? त्यांचं नाव काय?"

मी सांगायला अडखळले. बाबांचं नाव उकंडा. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. आजीची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरं जन्मलं तेव्हा तिने ते उकिरड्यावर नेऊन ठेवलं, उचलून आणलं आणि नावही तेच ठेवलं, म्हणजे मरणाला त्याची किळस यावी आणि ते दुसरीकडे जावं. दीक्षेनंतर आमच्या गल्लीत कितीतरी लोकांनी जुनी नावं टाकून नवी घेतली. बाबांनी नाही घेतलं. "या नावानं जगवलं मले," ते म्हणायचे, "आता त्याले लाथ मारू का?" मिलच्या हजेरीत फोरमन ते नाव मुद्दाम मोठ्याने घेई आणि मागचे हसत. बाबा तितक्याच मोठ्याने हजेरी देत.

सर हसले नाहीत. कागदावर रोमन अक्षरांत त्यांनी ते नाव लिहिलं, शेवटी लॅटिनची मात्रा जोडली आणि वाचलं, "उकंडाई." मग म्हणाले, "छान बसतं." पुढल्या वर्षी ते एका नियतकालिकात छापून आलं. खाली दोन नावं होती, सरांचं आणि माझं.

घरी सांगितलं तेव्हा आईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "जंताले? तुह्या बापाचं नाव जंताले देलं? लोकं रस्त्याले देते, शाळेले देते, अन् माह्या लेकीनं बेडकाच्या पोटातल्या जंताले!" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाया आल्या आणि मी पाणी आणायला आत गेले तोवर मला तिचा आवाज ऐकू आला. "जगात कुठंबी जा म्हन्ते पोट्टी. अमेरिकेत जा. तिथल्या पुस्तकात माह्या माणसाचं नाव हाय." आणि तिने तो छापील कागद दाखवला, उलटा धरून. त्यानंतर तो कागद बाबांच्या फोटोशेजारीच राहिला, आणि दरवर्षी स्मरणदिनी पुढे मांडला जाई. आलेला माणूस वाकून ते एकच नाव बघे. ज्याच्या नावाला मिलभर हसले, त्याचं नाव आता न समजणाऱ्या अक्षरांत इतकं मोठं झालं होतं.

मला नोकरी लागली ती कॉलेजात, प्रात्यक्षिकं घ्यायची. बी.एस्सी.च्या मुलांना पहिलं काय कापायला देतात? झुरळ. नागपुरात जो कोणी प्राणिशास्त्र शिकला त्याने झुरळ कापलेलं आहेच. पहिल्याच पावसाळ्यात एका ट्रेवर मी मुलाला आतडं मोकळं करून दाखवत होते. मागच्या आतड्याला सुईचा धक्का लागला, ते फुटलं आणि पाण्यात पांढरं काहीतरी वळवळलं. दोन-अडीच मिलिमीटर. शेपटी सुईसारखी.

मुलं म्हणाली, "ई, मॅडम, जंत!"

मी ते चिमट्याने उचललं, काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. एका नजरेत कळलं. हा झुरळाचा जंत. पूर्वीपासून माहीत असलेला, पुस्तकात नाव असलेला, मेसच्या झुरळांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा. वसतिगृहाच्या नालीवरचे भेक रात्री मेसची झुरळं गिळत होते आणि झुरळ पचताना त्याचा पाहुणा भेकाच्या पोटात उघडा पडत होता. आणखी दोन-चार तासांत तोही पचला असता. मी त्याच्या आधी कात्री घेऊन पोचले होते. भेकाच्या अंगात तो कधीच राहत नव्हता. त्या तीन जठरांत झुरळाच्या मिशा होत्या, तांबूस काटेरी तंगड्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या. पाहिल्या, ओकारी दाबली, मान फिरवली आणि नळ सोडला. रकान्यात 'कीटक'.

त्या दुपारी मी स्टाफरूमच्या मोरीत उलटी केली. झुरळाने नव्हे.

सांगायला हवं होतं. सरांना दोन ओळींचं पत्र, नियतकालिकाला अर्ध्या पानाची दुरुस्ती. अशा चुका आमच्या विषयात होतात, लोक सुधारतात आणि जग पुढे जातं. मी कागद घेतलासुद्धा. मग डोळ्यांपुढे फोटोशेजारचा तो दुसरा कागद आला. दुरुस्ती छापली की ते नाव संपतं. ते पुस्तकात राहतं, पण कंसात, चुकीचं नाव म्हणून, झुरळाच्या जंताच्या खऱ्या नावाखाली. बाबांच्या वाट्याला पुन्हा उकिरडा. मी ते करू शकले नाही. 'कोणाचं काय बिघडतं?' असं स्वतःला विचारलं. एका जंताचं नाव चुकलं तर नागपूरच्या पावसाळ्यात काय कमी होतं? पुढल्या वर्षी पुन्हा झुरळं कापली, तोच जंत दिसला आणि मी मुलांना म्हणाले, "असतो असा. पुढे चला." नऊ पावसाळे असेच गेले. दरवर्षी श्रावणात झुरळाचा ट्रे समोर आला की मला स्वतःची शिसारी येई. ती दिवाळीपर्यंत टिके आणि मग थंडीत विसरायला होई.

यंदा विसरायला झालं नाही. परवा वैशाली नावाची एक मुलगी मला शोधत कॉलेजात आली. दुसऱ्या कॉलेजातली, पीएच.डी. करणारी, भिजलेली, पिशवीत काचेच्या नळ्या. बस म्हटलं तरी उभीच.

"मॅडम, तुमचा तो जंत, उकंडाई. माझ्या सरांनी मले त्याचा नर शोधायचा विषय देला. दोन पावसाळे झाले, मिळूनच नाही राहिला. नर सोडा, मादीबी नाही." तिने वही काढली. "इतके भेक फाडले, मॅडम. एकशे चाळीस. अंबाझरीचे, फुटाळ्याचे, गोरेवाड्याचे, सगळ्या तलावांवरचे. मले तर आता भात खाववत नाही. सर म्हणते, तुला शोधता येत नाही, यंदा नाही मिळाला तर विषय बंद. तुम्ही कुठून पकडले होते ते सांगा ना. माझंच काही चुकून राहिलं का?"

वहीत तिने प्रत्येक भेकासमोर 'जठरातील अन्न' हा रकाना भरलेला होता. बारीक अक्षरात. गोगलगाय दोन, पैसा एक, काळा मुंगळा सात. एकशे चाळीस वेळा. तिने एकदाही मान फिरवली नव्हती. तिच्या नखांशी तो वास होता.

मी म्हणाले, "तुझं काही चुकलेलं नाही. भेक मारणं बंद कर. झुरळ उघड." मग सगळं सांगितलं, मेसच्या नालीपासून. ती उभ्या-उभ्या ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, मॅडम?"

"नऊ वर्षं झाली."

तिने वही मिटली, पिशवीत टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. फोरमनच्या, प्रभाच्या, आईच्या, किळस येणाऱ्या सगळ्या चेहऱ्यांना मी ओळखते. पण माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं आणि मला ते पुरेपूर लागू होतं. चहा सांगितला होता. तो यायच्या आत ती गेली.

घरी येऊन मी आईसमोर बसले. ती तांदूळ निवडत होती. तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं, की तो जंत बेडकाचा नव्हताच, झुरळाचा होता, त्याला आधीच दुसरं नाव होतं, मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसले, आणि त्यापायी एक मुलगी दोन पावसाळे एकशे चाळीस भेक फाडत राहिली. आता मला ते लिहून पाठवायचं आहे.

"मंग नाव जाते?" तिने विचारलं.

"जाते."

ती बराच वेळ तांदळातला खडा शोधत राहिली. मला वाटलं, रडेल. मला वाटलं, म्हणेल, राहू दे ना, कोणाले काय करायचं आहे. मी मनातून तेच ऐकायला बसले होते, हे कबूल करते.

"त्या पोरीनं किती बेडकं मारली म्हनली तू?"

"एकशे चाळीस."

आईचा हात थांबला.

"माह्या माणसाच्या नावानं?"

तिने सूप बाजूला सरकवलं, हात पदराला पुसले आणि फोटोशेजारचा तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"लिह," ती म्हणाली. "आत्ता लिह. मी बसतो इथंच."